वाटेवरचे थांबे आणि आठवणींचे ऋण



डिसेंबर महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामातून गोव्याकडे गाड्या निघू लागतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो. कुणी नोव्हेनाला जातात, कुणी सणाच्या मिस्साला. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संतांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात दर्शनासाठी ठेवले होते, त्या वेळी तर घराघरांतून माणसे गेली. आपल्यातील काही कुटुंबांचे मूळ गाव वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी या बाजूला आहे. त्यांच्यासाठी ही यात्रेची वाट असते आणि गावाचीही.

परत आल्यावर लोक भेटायला येतात. गोव्याचे दर्शन कसे झाले हे दोन वाक्यांत सांगून होते. मग वाटेवरच्या गोष्टी सुरू होतात. "फादर, वडखळ नाक्यावर आमचे वडील हमखास उतरायचे. पांढऱ्या कांद्याची माळ घेतल्याशिवाय गाडीत चढायचे नाहीत." "खेडच्या भरणे नाक्यावर एस.टी. थांबली की आई शिदोरी सोडायची." "हातखंब्याला मध्यरात्री चहा घेतला होता, त्या वेळी धाकटा पोटात होता." सांगणाऱ्याचा चेहरा खुललेला असतो. शेजारी बसलेली नातवंडे मात्र एकमेकांकडे बघून हसतात, कारण ही कांद्याची माळ त्यांनी येताना-जाताना पाच वेळा ऐकलेली असते!

हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. महामार्गाचा क्रमांक १७ होता, तो ६६ झाला. २०११ मध्ये पळस्पे ते इंदापूर या टप्प्यापासून चौपदरीकरण सुरू झाले. त्यात कितीतरी जुनी झाडे गेली. कुठे नाक्यावरून पूल गेला, कुठे गाव बाजूला पडले. तरीही गाडी त्या जागेजवळ आली की आठवण येते. जिथे चहाची टपरी होती तिथे आता सिमेंटचा खांब उभा आहे, आणि माणूस खांबाकडे बोट दाखवून टपरीची गोष्ट सांगतो.

अशा आठवणींचे आपण करायचे काय? त्या केवळ प्रवासातली करमणूक आहेत की त्या आपल्याकडून काही मागतात? प्रश्न साधा वाटतो, परंतु आपण कोण आहोत आणि इतरांचे काय देणे लागतो, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून या रविवारी त्यावर थोडा विचार करू या.

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी शहाणी आहे. आठवण या एका शब्दाबरोबर आपण तीन वेगवेगळी क्रियापदे वापरतो. आठवण 'येते'. आठवण 'काढतो'. आणि आठवण 'ठेवतो'. या तीन क्रियापदांच्या आधारानेच पुढे जाऊ.

आठवण येते, ती आपल्याला विचारून येत नाही. मिठागरांवरून येणारा वारा, गाडीच्या डिझेलचा वास, घाटातले एखादे वळण एवढे तिला पुरते. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने स्मृती या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो आठवण येणे आणि आठवण शोधून काढणे यांत फरक करतो. एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट कशी आठवते याचे तो एक गमतीदार उदाहरण देतो: दुधावरून पांढरा रंग, पांढऱ्यावरून हवा, हवेवरून ओलावा आणि ओलाव्यावरून शरद ऋतू! आपणही वडखळच्या कांद्यावरून वडिलांच्या खिशाकडे, खिशावरून त्यांच्या पगाराकडे आणि पगारावरून आईच्या काटकसरीकडे जातो. ॲरिस्टॉटल म्हणतो की आठवणी पुष्कळ प्राण्यांनाही असतात, पण मुद्दाम माग काढत आठवणीपर्यंत जाणे माणसालाच जमते.

बैलाला आपला गोठा आठवतो. त्यात बैलाचे पुण्य नाही. तसेच जुना थांबा पाहून आपले डोळे भरून आले, यातही आपले काही कर्तृत्व नाही. ती देणगी आहे. देणगी मिळाली की आभार मानावेत. नाक्यावर वडील आठवले तर तिथल्या तिथे त्यांच्या आत्म्यासाठी 'आमच्या बापा' म्हणावे. नोव्हेंबर हा तर मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा महिना आहे.

खरी नैतिक जबाबदारी सुरू होते ती दुसऱ्या क्रियापदापासून. आठवण काढायची म्हणजे ती जशी होती तशी काढायची. येथेच आपली गडबड होते, कारण मनाला गोड तेवढे वेचून घेण्याची सवय असते.

पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय घरी काढून वाचा. इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून रानातून प्रवास करत आहेत. तोही एक लांबचा प्रवास, आणि वाटेत थांबेही बरेच. अशाच एका थांब्यावर त्यांना मिसरच्या आठवणी येतात. काय आठवते त्यांना? मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण! आपल्या वसईच्या शेतकऱ्यांना ही यादी ऐकून बरे वाटेल. पण त्या यादीत पाठीवरचे फटके नाहीत. विटांचा हिशेब नाही. नदीत फेकलेली तान्ही मुले नाहीत. काकडी खरी होती, कांदाही खरा होता, त्यांनी खोटे असे काही सांगितले नाही. त्यांनी फक्त अर्धे सांगितले, आणि त्या अर्ध्या आठवणीच्या जोरावर ते मोशेला म्हणू लागले की आम्ही बाहेर निघालोच कशाला?

संत ऑगस्टीन यांनी 'कबुलीजबाब' या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीवर पुष्कळ चिंतन केले आहे. स्मृती त्यांना एखाद्या प्रशस्त महालासारखी वाटते, आणि त्या महालात आपली स्वतःशीच भेट होते असे ते सांगतात. तेथेच त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली आहे. पूर्वीचे दुःख आठवताना माणूस दुःखी होतोच असे नाही. पूर्वीची भीती तो न घाबरता आठवू शकतो. ही देवाची कृपाच म्हणायची, नाहीतर जुन्या दुःखांच्या ओझ्याखाली कुणी जगू शकला नसता. परंतु यात धोकाही आहे. दुःखातला दंश निघून गेला की ते दुःख गोड दिसू लागते. मग आपण मुलांना सांगतो, "आमच्या वेळी काही नव्हते, पण किती सुख होते!" सुख होते हे खरे. त्याच घरात एखादी बहीण चौथीनंतर शाळेतून काढली गेली, भाजीच्या टोपल्या पहाटेच्या लोकलने दादरला नेता नेता आईची कंबर कायमची गेली, हेही खरे. आठवण काढायची तर त्या बहिणीलाही विचारावे लागेल की ताई, तुला ते दिवस कसे आठवतात?

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे भाग सांगताना स्मृती हा पहिला भाग सांगितला आहे. याचे कारण उघड आहे. उद्या काय करावे हे आपण कालच्या अनुभवावरून ठरवतो. काल काय घडले हेच सोयीप्रमाणे बदलून घेतले, तर उद्याचा निर्णय चुकणारच. म्हणून आठवणीत प्रामाणिक राहणे हा विवेकाचा पाया आहे.

दुसरी गोष्ट. जो थांबा आपल्या आठवणींचा असतो, तो केवळ आपला नसतो. याच वाटेवरच्या महाडचे उदाहरण घ्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांना महाड म्हटले की एस.टी. स्टँडवरची मिसळ आणि रायगडाला नेणारी शाळेची सहल आठवते. पण त्याच गावात चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. तळे सार्वजनिक होते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही आधीच झाला होता. तरीही त्या पाण्यासाठी त्यांना मारहाण सोसावी लागली, आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ज्यांच्या आजोबांनी त्या दिवशी प्रथमच त्या तळ्याचे पाणी चाखले, त्यांच्या कुटुंबाची गाडी महाडला थांबते तेव्हा त्यांना काय आठवत असेल? आपली मिसळ खोटी नाही. पण एकाच गावात दोन गाड्या थांबतात आणि त्यांतल्या माणसांच्या आठवणी इतक्या वेगळ्या असतात, हे ज्याला उमगले त्याची आठवण मोठी होते. आणि तो स्वतःच्या चर्चमध्येही विचारू लागतो की आमच्यातसुद्धा कुणाला वेगळे बसवले जात होते का, कुणाच्या घरचे पाणी टाळले जात होते का?

महाडच्या पुढे गाडी सावित्री नदीवरून जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. त्यांतली माणसे आपल्यासारखीच होती. कुणी गावाहून परत कामावर निघाले होते, कुणाच्या पिशवीत आईने बांधून दिलेले काही असेल. पुढच्याच वर्षी नवा पूल झाला, आणि आज तो ओलांडायला एक मिनिटही लागत नाही. गाडीत गाणी चालू असतात. गाणी बंद करा असे मी म्हणत नाही. पण ज्या जागेवर आपली काहीच आठवण नाही, तिथे दुसऱ्याच्या मृतांसाठी क्षणभर क्रूसाची खूण करणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. आठवण 'काढणे' म्हणजे कधी कधी आपल्याला न आलेली आठवणही काढणे.

आता तिसरे क्रियापद, आठवण ठेवणे. पवित्र शास्त्रात देव आपल्या लोकांना वारंवार आठवण ठेवायला सांगतो. त्याला त्यांचे उसासे नको असतात. अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना संपूर्ण वाट आठवायला सांगतो, त्यातली भूक आणि रान यांच्यासकट. त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याचा व्यवहारातला अर्थ येतो. तुम्ही मिसर देशात दास होता हे लक्षात ठेवा, आणि म्हणून शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका. ती परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्या. विचार करा, आठवणीचा शेवट शेतातल्या पेंढीपाशी होतो! मी कोण होतो याची आठवण ठेवली, तर आज जो तसा आहे त्याच्याशी कसे वागायचे हे आपोआप ठरते.

हे आपल्याला लागू पडते का? पडते, आणि थोडे टोचतेही. वसईत आज 'पूर्वीची वसई' या विषयावर बोलायला बसले की रात्र पुरत नाही. विहिरीवरचे रहाट, केळीच्या बागा, पानवेली, उन्हात वाळणारी सुकेळी. ती वसई खरोखरच सुंदर होती आणि तिच्यासाठी मन तुटते यात गैर काही नाही. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी उभे राहिले, त्यामागे ही आठवणच होती. त्यांनी ती पाणी, जमीन आणि झाडे वाचवण्याच्या कामाला लावली.

परंतु तीच आठवण कधी कधी भिंतही होते. "हे बाहेरचे आले आणि सगळे गेले" असे आपण सहज बोलून जातो. खोली भाड्याने देताना 'आपला माणूस' शोधतो. मिस्साला मागच्या बाकावर बसणारे नवे कुटुंब कुठून आले आहे, हे सहा महिने कुणी विचारत नाही. अशा वेळी हातखंब्याच्या चहाची आठवण ठेवावी. मध्यरात्री गरोदर बायकोला घेऊन, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन जो तरुण कोकणातून या बाजूला आला, तोही त्या दिवशी 'बाहेरचा'च होता. त्याला कुणीतरी ओटीवर झोपू दिले. कुणीतरी कामाला लावले. कुणीतरी चर्चची वाट दाखवली. त्यांची नावे आज त्याच्या नातवंडांना ठाऊक नसतील. त्यांचे ऋण फेडायला तीच माणसे आता सापडणार नाहीत. ते फेडायचे तर आज ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसाकडेच फेडावे लागेल, मग तो कोकणातला असो, केरळचा असो किंवा उत्तर प्रदेशातला असो.

इथे कुणी विचारील, "फादर, ज्यांची आठवणच हरपली आहे त्यांचे काय?" हा प्रश्न आता कितीतरी घरांत आहे. आजारी माणसांना पवित्र कम्युनियन घेऊन जाताना तो दारातच भेटतो.

दुसऱ्या एका धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला एक प्रसंग सांगितला. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता लिहितो. ते आणि त्यांची पत्नी मुलाच्या गाडीने गावी निघाले होते. पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. ती नवऱ्याला कधी ओळखते, कधी नाही. पोलादपूरच्या पुढे आता कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाटातला अर्धा-पाऊण तास वाचतो. वडील म्हणाले, "जुन्या घाटाने घे." लग्नानंतर पहिल्यांदा गावी जाताना त्यांची एस.टी. या घाटात बंद पडली होती. मे महिना होता. इंजिन निवेपर्यंत दोघे कडेला बसून पानाच्या द्रोणातली करवंदे खात होते. मुलगा म्हणाला, "पप्पा, आईला काही कळणार नाही. उगाच तिला वळणांचा त्रास कशाला?" मुलाचे म्हणणे प्रेमापोटीच होते. शेवटी गाडी जुन्या घाटाने गेली. त्या वळणावर थांबली. नवऱ्याने पत्नीला ती सारी गोष्ट सांगितली, बंद पडलेली गाडी, करवंदे, सगळे. तिने दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तशी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "बरी माणसां होती ती."

तिला काहीच आठवले नाही. मग ते थांबणे वाया गेले का?

सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्ववेत्ता जॉन लॉक याच्या मते माणसाची ओळख त्याच्या जाणिवेशी बांधलेली असते. माझी जाणीव भूतकाळातल्या ज्या कृतीपर्यंत पोहोचते, तिथपर्यंत मी तोच माणूस आहे. हा विचार एकदम पटतो. पण तो त्या घाटातल्या वळणावर नेऊन उभा केला की त्याची अडचण कळते. लॉकचे खरे मानले, तर करवंदे खाणारी ती नवी नवरी आणि गाडीत बसलेली ही म्हातारी या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतील, आणि नवरा कुणा परक्या बाईची सेवा करत आहे असे म्हणावे लागेल. आपले मन हे मानायला तयार होत नाही, आणि त्याला भावनेपलीकडचे कारण आहे. कुणीही माणूस आपली आठवण एकट्याने सांभाळत नाही. आपला जन्म, आपला बाप्तिस्मा, आपले पहिले पाऊल यांपैकी काहीही आपल्याला आठवत नाही. ते आपल्यासाठी इतरांनी आठवणीत ठेवले आणि आपल्याला सांगितले. आयुष्याची सुरुवात अशी दुसऱ्यांच्या स्मृतीत सुरक्षित असते. शेवटही तसाच असला तर त्यात अपमान कसला? त्या नवऱ्याने पत्नीची आठवण तिच्यासाठी सांभाळली. तिला ती परत घेता आली नाही, तरी ती कुणाकडे तरी आहे.

आणि नवराही गेल्यावर? तिथे आपल्या श्रद्धेचे उत्तर येते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो की एखादी आई आपल्या तान्ह्याला विसरली, तरी तो आपल्याला विसरणार नाही. त्याने आपल्याला स्वतःच्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. आपण कोण आहोत हे अखेरीस आपल्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही, देवाच्या स्मरणावर आहे. ज्या घरात असा आजारी माणूस आहे त्या घरातल्या लोकांनी हा अध्याय उशाशी ठेवावा. आणि शेजाऱ्यांनी "आता त्यांना काय कळणार" म्हणून भेट देणे थांबवू नये. आपण कोण हे त्यांना कळत नसेल, पण ते कोण आहेत हे आपल्याला कळते. म्हणूनच जायचे.

ज्या संताच्या सणासाठी आपण गोव्याला जातो, तो स्वतः आयुष्यभर वाटेवरच होता. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोहोचले. युरोपला ते पुन्हा कधी परतले नाहीत. जिवलग सोबती दूर राहिले, आणि पत्र यायला वर्ष-वर्ष लागे. १५४६ साली अंबोईना बेटावरून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सोबत्यांना कळवले आहे की, तुमच्या पत्रांतील तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि माझ्या व्रताच्या मजकुराबरोबर त्या सदैव जवळ बाळगतो. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर त्यांना मरण आले. त्यांच्याजवळ ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. जे होते ते माणसांच्या नावांचे. आपल्या थांब्यांचेही असेच व्हावे. वडखळ, भरणे नाका, हातखंबा ही ठिकाणांची नावे आहेत. त्यांच्या मागे उभी असलेली माणसांची नावे आपल्याला सांगता यायला हवीत.

म्हणून या वर्षी जे गोव्याला किंवा गावी निघणार आहेत, त्यांना तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली: जुन्या थांब्यावर दहा मिनिटे गाडी थांबवा आणि मुलांना गोष्ट पूर्ण सांगा, गोड आणि कडू दोन्ही. यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले, ते मुलांनी "हे काय आहे?" असे विचारावे म्हणूनच. मुले हसली तर हसू द्या. पुढे कधीतरी तीच ही गोष्ट सांगतील. दुसरी: त्या थांब्याशी जोडलेल्या एका तरी माणसाचे नाव आठवून काढा, ज्याने तुम्हांला मदत केली आणि ज्याचे नाव घरात आता कुणी घेत नाही. परत आल्यावर त्याच्यासाठी मिस्सा मागा. तिसरी: येत्या आगमनकाळात, आपल्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाकडे जाऊन चहा घ्या, किंवा त्यांना आपल्या घरी बोलवा. ते कोणत्या वाटेने आले, वाटेत कुठे थांबले, हे त्यांना विचारा. त्यांच्याही थांब्यांच्या गोष्टी असतील, आणि त्या ऐकायला इथे अजून कुणी भेटले नसेल.

दर रविवारी आपण वेदीभोवती जमतो तेही एका थांब्यावरच. अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य संध्याकाळी थांबले, त्यांनी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला आत बोलावले, आणि भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटली. त्यांनी त्या अनोळखी माणसाला वाटेवरच निरोप दिला असता तर? प्रभूने आपल्या स्मरणार्थ जे करायला सांगितले, ते आपण आजही करतो, आणि त्यानंतर चर्चच्या दारातून बाहेर पडतो. दारात कोण उभा आहे, हे या रविवारी जरा थांबून पाहू या.

गोव्याच्या वाटेवर निघणाऱ्या सर्वांचा प्रवास सुखरूप होवो. गाडी सावकाश चालवा, आणि आपल्या धर्मग्रामासाठी संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापाशी प्रार्थना करा.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू